गारठा अंगातला आणि गारठा मनातला

मैत्रिणींनो, तुमच्या घरी थंडी आल्याची पहिली वर्दी कोण देतं? वर्तमानपत्र? बातम्या? छे! वर्दी देते ती फळीवरची खोबरेल तेलाची बाटली. आदल्या रात्री पातळ असलेलं तेल सकाळी पांढरंशुभ्र होऊन बसलेलं असतं. वेणीफणीची घाई, मुलांची शाळा, आणि तेल काही बाटलीतून उतरत नाही! खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच गोठतं, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरातला 'बर्फ' तो एवढाच. बाटली घटकाभर उन्हात ठेवली, की काम झालं.

आमच्या नांदगावकडे मात्र थंडी इतक्या स्वस्तात सुटत नाही. मुंबईहून भुसावळकडे जाताना मनमाडच्या पुढे लागतं ते हे नांदगाव. एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला मराठवाडा आणि मध्ये आम्ही. उन्हाळ्यात अंगाची लाही होते आणि पौषात दातावर दात वाजतात. मनमाड-नांदगावकडचं नाव निघालं, की लोकांना दुष्काळ आणि पाण्याची टंचाई आठवते. इथल्या थंडीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण ही थंडी नुसती अंगाला बोचत नाही, ती घरातल्या माणसांना एकमेकांपासून तोडते. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याबद्दलच.

दव गोठतं ते कसं?

'महाराष्ट्रात कुठला आलाय बर्फ?' असं तुम्ही म्हणाल. पण नाशिक शहरात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस इतकं तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणजे पाणी गोठायला अर्धा-पाऊण अंशच काय तो बाकी! फार जुनी गोष्ट वाटते ना? मग ही अलीकडची घ्या. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथे रोजच्या तापमानाची नोंद होते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता आणि द्राक्षबागांत पानांवरचं दव गोठलं होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर हिमकण जमल्याची छायाचित्रं तर आपण दर दोन-चार वर्षांनी पाहतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या डाब गावीही दव असंच गोठतं.

गंमत अशी, की दव गोठायला हवेचं तापमान शून्यावर यावंच लागतं असं नाही. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर वर सोडून देते. ढग म्हणजे जमिनीचं पांघरूण, तेच नसतं. मग गवताचं पातं, पत्र्याची कड, मोटारीचा टप हे भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. तापमापक तीन-चार अंश दाखवत असला तरी पानावरचा थेंब गोठून जातो. थंड हवा जड असते, ती उताराने खाली सरकते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. म्हणून गोदाकाठचं निफाड जास्त काकडतं. त्यात उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडला आणि तिकडचं वारं आपल्याकडे वळलं, की कडाका आणखी वाढतो.

बर्फातली बेटं

आता जरा लांबचा प्रवास करू या. अमेरिकेत लेक सुपीरिअर नावाचं समुद्रासारखं अफाट सरोवर आहे. त्यात मॅडलिन नावाचं एक बेट आहे. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची ही झुंबड! थंडीत मात्र काही शे माणसंच मागे उरतात. बेटापासून समोरच्या बेफील्ड गावात जायला एरवी बोट असते. जेमतेम चारेक किलोमीटरचं अंतर. पण मोठ्या मुलांची शाळा त्या पलीकडच्या काठावर.

थंडी वाढली, की सरोवर गोठायला लागतं आणि बोट बंद पडते. पुढे बर्फ चांगला जाड झाला, की लोक त्याच्यावरून चक्क मोटारी चालवतात! मग अडचण कसली? अडचण आहे ती मधल्या दिवसांची. बर्फ बोट चालू देत नाही आणि गाडीचा भारही पेलत नाही, असे ते दिवस. त्या दिवसांत पाठीमागे भलेमोठे पंखे लावलेल्या एका खास गाडीतून शाळेची मुलं आणि कामाला जाणारी माणसं पलीकडे नेतात. ही गाडी बर्फावरून घसरत जाते आणि बर्फ फुटलाच तर पाण्यावर तरंगते. आईनं सकाळी डबा भरून मुलाला अशा गाडीत बसवायचं आणि संध्याकाळी वारा कसा आहे ते बघत वाट पाहायची. कल्पना करा!

बर्फ जाड झाल्यावर गावकरी काय करतात, ते मला फार आवडलं. नाताळात घरोघरी सजवलेली झाडं सण झाल्यावर एरवी फेकूनच द्यायची. ती आणून बर्फावर ओळीनं उभी करतात, अगदी पलीकडच्या काठापर्यंत. धुकं असो, हिमवादळ असो, 'या झाडांच्या मधून चला, इथे बर्फ भक्कम आहे' हे येणाऱ्याला त्यावरून कळतं. ज्या घरात सण झाला, त्या घराची आठवण दुसऱ्याला रस्ता दाखवायला उभी राहते.

युरोपात एस्टोनियातही थंडी कडक पडली, की बेटांकडे जाणारे बर्फाचे रस्ते खुले होतात. हीउमा बेटाचा रस्ता तर पंचवीस किलोमीटरहून लांब आहे. त्या रस्त्यांचा एक नियम ऐकून आपण चकित होऊ. एरवी गाडीत बसताना पट्टा बांधा म्हणतात, तिथे पट्टा बांधायचा नाही! बर्फ फुटला तर दार उघडून झटकन बाहेर पडता आलं पाहिजे म्हणून. रोजचा बाजारहाटही असा एक कान बर्फाच्या आवाजाकडे लावून करायचा.

अलीकडे तिथल्या लोकांना वेगळीच काळजी लागली आहे. थंड्या सौम्य होऊ लागल्या. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या त्या मोठ्या सरोवरांवर बर्फ अगदीच कमी धरला. बर्फ आला तरी पंचाईत, नाही आला तरी पंचाईत. थंडीचा जाच सोसून सोसून तिच्याशीही माणसाचं नातं जुळतं ते असं.

आपल्याकडची बेटं

'हे सगळं तिकडचं झालं, आमच्याकडे कुठली बेटं?' असं म्हणू नका. आमच्या तालुक्यात रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना नजर टाका. गाव मागे पडतं आणि शेतातल्या वस्त्या लागतात. विहिरीजवळ एक घर, दोन जनावरं, एक कुत्रं, आणि हाकेच्या अंतरावर कुणीही नाही. पाणी नसलं म्हणून काय झालं, हीसुद्धा बेटंच!

डिसेंबर-जानेवारी म्हणजे गहू, हरभरा आणि कांद्याचे दिवस. पिकाला पाणी लागतं आणि पाण्याला वीज. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली, की घरच्या माणसानं अंगावर घोंगडी घ्यायची, हातात बॅटरी घ्यायची आणि मध्यरात्री मोटर चालू करायला निघायचं. घोट्यापर्यंत गार पाण्यात उभं राहून वाफे भरायचे. पायाखाली काय येईल सांगता येत नाही. जिल्ह्यात नदीकाठच्या आणि उसाच्या पट्ट्यात तर बिबट्याची धास्ती असते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली. ज्या घरी दिवसा वीज आली, तिथल्या बाईला विचारा तिची मोठी मिळकत कोणती. 'रात्रीची झोप,' असंच ती सांगेल.

कारण माणूस शेतात असतो तेव्हा घरातली बाई झोपलेली नसते. पोरांवरचं पांघरूण सारखं करते, चुलीतला निखारा फुंकते आणि कान बाहेर. मोटरीचा आवाज चालू आहे ना? कुत्रं का भुंकतंय? मॅडलिन बेटावरची आई वाऱ्याचा अंदाज घेत बसते आणि आमची वस्तीवरची बाई मोटरीचा आवाज ऐकत बसते. दोघींच्या पोटातला गोळा एकच.

दिवस उजाडला, की तिचं स्वतःचं काम सुरू होतं. उन्हाळ कांद्याची लागवड याच दिवसांत असते. सकाळी सकाळी डबा बांधून बायकांच्या टोळ्या गाडीत दाटीवाटीनं बसून निघतात. ओल्या वाफ्यात वाकून एकेक रोप लावायचं. बोटं बधिर होतात, नखांत चिखल जातो, टाचांच्या भेगांतून रक्त येतं. मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आपण जो कांदा चिरतो ना, तो असा थंडीत कुणीतरी बोटं गारठवून लावलेला असतो. भाव वाढला म्हणून कुरकुर करताना एवढं आठवावं.

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. गव्हाला थंडी मानवते, म्हणून गहूवाला खूश. द्राक्षवाल्याचा मात्र जीव टांगणीला. पारा फार उतरला, की मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला उशीर होतो, तयार मण्यांना तडे जातात. मग बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर आणि ऊब करतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं ना! वर्षाचं कर्ज आणि मुलीचं लग्न त्या घडांवर अवलंबून. अशा घरात थंडीच्या रात्री कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही.

आणि बेट व्हायला शेतात राहावं लागतं असंही नाही. मनमाड-नांदगाव हा रेल्वेचा मुलूख. नवरा गाडीवर रात्रपाळीला आणि बाई दोन लहान मुलांना घेऊन घरात एकटी. किंवा मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला आणि वाड्यात म्हातारा-म्हातारी दोघंच. थंडीत सात वाजता दारं लागतात. उन्हाळ्यात ओट्यावर रात्री दहापर्यंत चाललेल्या गप्पा बंद. शेजारच्या आजी चार दिवस दिसल्या नाहीत, हे आपल्या लक्षातही येत नाही.

मन का कोमेजतं?

थंडीत काही माणसांचं मन उदास होतं, हे आता वैद्यकशास्त्रही मानतं. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुमानाच्या उदासीनतेचं वर्णन केलं. त्याचा संबंध उजेड कमी होण्याशी जोडला जातो. फिनलंडमध्ये औलू शहरात डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. तिथल्या माणसाला मळभ येणार नाही तर काय!

आपल्याकडे त्याच दिवशी जवळजवळ अकरा तास उजेड असतो. ऊन तर असं, की आंगण सोडवत नाही. मग आपल्याकडची माणसं का कोमेजतात? आपल्याकडे उजेड आहे, पण तो घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. सकाळचं ऊन अंगणात पडतं तेव्हा आपण स्वयंपाकघरात असतो. आजोबांच्या खाटेची जागा कोपऱ्यातली, तिथे दिवसभर ऊन फिरकत नाही. सांधे आखडलेले, म्हणून ते उठत नाहीत. उठत नाहीत, म्हणून कुणाशी बोलत नाहीत. बोलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं, 'हल्ली फार चिडचिडे झालेत.' अहो, पुष्कळदा ती चिडचिड नसते, गारठा असतो!

आणि तुमचं स्वतःचं काय? थंडीत घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं? गार पाण्यात भांडी, गार फरशीवर पाय, सगळ्यांना गरम भाकरी आणि स्वतः शेवटी निवलेल्या भाकरीवर. दुपारपर्यंत पाठ धरते आणि संध्याकाळी मुलावर विनाकारण हात उगारला जातो. हा स्वभावाचा दोष मानू नका. रोज अर्धा तास उन्हात बसा. तांदूळ निवडा, मेथी खुडा, स्वेटर विणा, पण उन्हात. आणि घरातल्यांना एकदा स्पष्ट सांगा, की थंडीत पहिला गरम चहा पाळीपाळीनं दुसऱ्यानं करायचा. सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही हो!

दोन आठवडे सलग मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर मात्र थंडीवर ढकलून गप्प बसू नका. डॉक्टरांना भेटा. तापाला औषध घेतो तसंच ते.

आपल्या पूर्वजांची शेकोटी

आपल्या जुन्या लोकांनी या गारठ्यावर तोड काढली होती. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोण्याचा गोळा; संक्रांतीला तिळगूळ आणि ऊब धरणारी काळी साडी; बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण मला वाटतं, त्यांची खरी हुशारी हळदीकुंकवात होती.

बघा हं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. म्हणजे नेमके कडाक्याचे दिवस. ज्या दिवसांत दारं बंद करून बसावंसं वाटतं, त्याच दिवसांत एकमेकींच्या घरी जायलाच हवं अशी रीत घालून दिली. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कोण आजारी आहे, कोणाची सून माहेरी गेली, कोण एकटी आहे, सगळं पंधरा दिवसांत कळायचं. मॅडलिनच्या लोकांनी बर्फावर झाडं रोवली, आपल्या आज्यांनी या घरापासून त्या घरापर्यंत हळदीकुंकवाच्या पावलांची वाट पाडली.

फक्त एक चूक त्यात राहून गेली. जिला या वाटेची सर्वांत जास्त गरज, त्या नवरा गमावलेल्या बाईलाच बाहेर ठेवलं. आता ते बदलायलाच हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनीही तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव गावानं केला तरी उंबरठा आपल्याच घराचा असतो. यंदा तिलाही बोलवा. आणि वाण लुटायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या डब्या पुरे झाल्या. पायमोजे द्या, कानपट्टी द्या, टाचांना लावायला मलम द्या. कांदा लावायला जाणारी बाई वर्षभर तुमचं नाव काढील.

थंडीत एवढं सांभाळा

• पेटलेली शेगडी किंवा कोळशाची घमेली बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. धूर दिसत नसला तरी जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. तसं वाटताच सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. माणूस झोपेतच दगावू शकतो.

• न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरचाही धोका हाच. गिझर बाहेर बसवून घ्या, निदान खिडकी उघडी राहील असं बघा. मुलं अंघोळीला फार वेळ लावू लागली तर हाक मारा.

• थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या चुकू देऊ नका. पहाटे अंथरुणातून एकदम उठू नये, दोन मिनिटं बसून मग उभं राहावं. छातीत दुखलं तर 'गॅस झाला असेल' म्हणून वाट पाहू नका.

• आजोबांची खाट दिवसा उन्हाच्या जागी हलवा. एकच जाड रग देण्यापेक्षा जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या बऱ्या. थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते.

• तान्ह्या बाळाच्या तोंडावरून पांघरूण घेऊ नका. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावून ठेवू नका. पाय गार लागले तर आईनं त्याला छातीशी धरावं, त्याच्यासारखी ऊब नाही.

• रात्री शेतावर जाणाऱ्याबरोबर थर्मासात चहा, चार्ज केलेला फोन आणि बॅटरी द्या. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नये, हे रोज सांगा. रोज! पायात रबरी बूट हवेतच. परतायची वेळ ठरवून घ्या आणि उशीर झाला तर कुणाला फोन करायचा, हेही आधीच ठरवून ठेवा.

जाता जाता

थंडी काही आपल्या हातची नाही. उत्तरेकडून वारं आलं, की दव गोठणारच. पण माणूस गोठू द्यायचं की नाही, हे बरंचसं आपल्या हातात आहे. तुमच्या गल्लीत, इमारतीत, सासरी-माहेरी या थंडीत कोण बेट होऊन बसलंय, याचा आज रात्री जरा विचार करा. दोन दिवस दार न उघडलेल्या आजी? रात्रपाळीवाल्याची बायको? नुकतीच एकटी पडलेली मैत्रीण? उद्या दुपारी ऊन असेल तेव्हा वाटीभर तीळ घ्या आणि तिच्याकडे जा. निमित्त विचारलं तर सांगा, 'निवडायला सोबत हवी होती.'